झऱ्याच्या वरचा खड्डा

ग्लेनफर्न, व्हर्जिनिया
२१ सप्टेंबर १९८६

ती. सौ. सुलेखावहिनीस,
नंदाचा सा. न. वि. वि.

पोचले, धडधाकट आहे आणि दोन्ही वेळा शिजवून जेवते आहे. आईला अकोल्याला पत्र टाकशील तेव्हा एवढंच कळव. बाकीचं तुझ्यापुरतं.

मी नोकरी धरली ती अमेरिकेत की स्कॉटलंडमध्ये, हेच मला अजून उमगलेलं नाही. मालक मि. ड्रमंड यांचे पणजोबा म्हणे तिकडून आले. मालक स्वतः तिथे एकदाच गेले, कुणा उमरावाच्या इस्टेटीवर पाहुणे म्हणून राहिले आणि परत येऊन त्यांनी ही आख्खी दरी विकत घेतली. आता रविवारी चौकड्यांचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा घागराच, घालून फिरतात. दादाला सांगू नकोस, पण पोटऱ्या बऱ्या आहेत. लांब केसांच्या तांबड्या गाई थंड मुलखातून आणल्यात. त्या बिचाऱ्या इथल्या उन्हात जिभा काढून उभ्या असतात आणि त्यांच्या डोळ्यांवर माश्यांचा थर बसलेला असतो. मालकांना त्या दिवाणखान्याच्या खिडकीतून छान दिसतात.

माझं काम मात्र खरं आहे. पाइनची लागवड फार दाट झाली आहे, ती विरळ करायची. कुठलं झाड काढायचं ते मी ठरवते, त्यावर निळ्या रंगाचा पट्टा मारते, मागाहून माणसं येऊन तोडतात. लाकूड इथल्याच सॉमिलवर चिरलं जातं. दिवसभर रानात एकटी असते, आणि खरं सांगू, इतकी सुखात मी कधीच नव्हते. वरच्या अंगाला मेपलची जुनी झाडं असलेली एक घळ आहे. तिच्यातून झरा निघतो आणि खाली मिसेस ओडेल नावाच्या म्हातारीच्या घराला पाणी देतो. तिथे एकही यंत्र जायचं नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात मालकांकडून कबूल करून घेतलं. मिसेस ओडेल पूर्वी शाळेची बस चालवायच्या. आता चार शेळ्या आणि रेडिओ एवढाच त्यांचा संसार. मला पाहिल्याबरोबर त्यांनी विचारलं की, पोरी, तुला कुणी जेवायला घालतं की नाही.

आता किळसवाणा भाग. इथे फेझंट पाळतात. रानकोंबड्यासारखा पक्षी, पण नर काय देखणा! हजारोंनी जाळीत वाढवतात. एकमेकांना टोचू नयेत म्हणून चोचीवर प्लॅस्टिकची झापडं लावलेली असतात. शिकारीच्या दिवशी सकाळी ती काढून पक्षी गवतात सोडतात, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब बंदुका घेऊन उभे राहतात. पक्ष्यांना उडायचं ठाऊकच नाही. माणूस दिसला की दाणे मिळतील म्हणून बुटांपाशी येतात. मग रखवालदार त्यांना लाथ मारून उडवतो. संध्याकाळी प्रत्येक साहेब फोटोपुरती जोडी उचलतो. उरलेल्यांचा ढीग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कुठेतरी जातो. कुठे, ते मी विचारलं, तर तो जंगल खात्याचा विषय नाही, असं उत्तर मिळालं.

त्या दिवशी मला वरणभातसुद्धा गेला नाही. असो. वीणाला पापा. माझ्यावर रागवायचं काही निघेपर्यंत माया चालू ठेव.

तुझी,
नंदा


डब्लिन, ओहायो
५ ऑक्टोबर १९८६

चि. नंदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. पोटऱ्यांचा मजकूर ह्यांना वाचून दाखवला नाही, तो माझ्याकडे गहाण आहे. आईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की, झाडं मोजून झाली असतील तर मुलीने आता मुलगे बघावेत. मी नुसती पोचवते हो, माझं मत विचारू नकोस.

आता बातमी ऐक आणि खुर्चीत बस. तुझा दादा ग्लेनफर्नला शिकारीला येतोय! ह्यांचे व्हाइस प्रेसिडेंट मि. हॉफमन हे तुझ्या मालकांचे मित्र निघाले. त्यांनी डिपार्टमेंटमधल्या तिघांनाच बोलावलंय, त्यात हे. आमच्याकडे उत्साहाला ऊत आलाय. ट्वीडचं जाकीट आणलं, वर टोपी. आरशासमोर उभे राहून वळून वळून बघत होते. वीणा म्हणाली, डॅड, यू लुक लाइक अ कॅब ड्रायव्हर. मग दोन दिवस टोपी कपाटात.

मी विचारलं की अहो, आपण कधी साधं झुरळ मारलं नाही, तुम्ही पक्षी मारणार का? तर म्हणाले, तुला कळत नाही, या देशात माणसं ऑफिसात वर चढत नाहीत, अशा ठिकाणी चढतात. असेलही तसं. दहा वर्षं ह्यांच्यामागून आलेली माणसं ह्यांच्या पुढे जाताना मी पाहिली आहेत गं. त्यामुळे मी फार बोलत नाही.

एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. तू बहीण आहेस हे ह्यांनी हॉफमनना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून तिथेच सांगणार आहेत. तूही जरा गोड राहा. तुझ्या ग्रीन कार्डचे कागद त्या घागरेवाल्याच्याच हातात आहेत, हे विसरू नकोस.

थंडी पडायच्या आत स्वेटर बाहेर काढ. लाडक्या नणंदेवर रागवायला मला कारण लागत नाही, तरी माया आहेच.

तुझी,
वहिनी


ग्लेनफर्न
२० ऑक्टोबर १९८६

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा सुखरूप पोचला असेल. त्याने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी पाहिलं ते लिहिते, आणि हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मला त्या दिवशी सकाळीच निरोप आला की रंगाचा डबा ठेवून चांगले कपडे घालून ये. मालकांना पाहुण्यांसमोर हेड फॉरेस्टर मिरवायची होती. भारतातली राजकन्या आमचं जंगल सांभाळते, असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळे हसले. दादाही हसला. मी त्याच्याकडे बघत होते, आणि तो हॉफमनकडे बघत होता. योग्य वेळ ती होती, वहिनी. ती गेली.

मग शिकार. एक नर थेट दादाच्या दिशेने चालत आला. मान वाकडी करून त्याने दादाच्या बुटाच्या नाडीला चोच मारली. रखवालदाराने पायाने ढकलला तेव्हा तो कसाबसा कमरेइतका उडाला. दादाने बार काढला. पक्षी खाली पडला तो मेलेला नव्हता. एका पंखावर गोल गोल फिरत राहिला. हॉफमन ओरडले की पुरू, तुझा भांगडा नाचतोय बघ. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल ते मी लिहीत नाही.

मला ओकारी आली ती पक्ष्यामुळे नाही. त्या हसण्यामुळे आली.

आणखी एक. मिसेस ओडेलने मागच्या आठवड्यात हाक मारून नळाचं पाणी दाखवलं. वर तेलासारखा तवंग, आणि वास असा की पेला नाकाजवळ नेववेना. त्या म्हणाल्या की पानगळीत होतं कधी कधी. मी झऱ्याच्या काठाने वर चढत गेले. मेपलच्या घळीत, मी यंत्र नेऊ नका म्हणून सांगितलं होतं बरोबर तिथे, जेसीबीने खणलेला मोठा खड्डा आहे. ट्रॉल्या तिथे रिकाम्या होतात. पिसं, पाय, माना, सगळं एकमेकांत लडबडलेलं. ढीग आतून हलत होता, इतके किडे. आणि खालच्या कडेने काळपट रस झिरपून सरळ झऱ्यात जात होता.

मी मालकांना त्याच दिवशी सांगितलं. बघतो म्हणाले. पुढच्या शनिवारी आणखी दोन ट्रॉल्या गेल्या.

मी मिसेस ओडेलना ते पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या की पन्नास वर्षं पीत आले, आता मला काय होतंय.

तुझ्या मायेचा आधार वाटतो. तो काढून घेऊ नकोस.

तुझी,
नंदा


डब्लिन
४ नोव्हेंबर १९८६

चि. नंदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. दिवाळीच्या तोंडावर घरात धुसफूस नको म्हणून. पण दिवाळीचं जे व्हायचं ते झालंच.

हे तिकडून येताना पक्ष्यांची जोडी घेऊन आले. आपल्या घरात कधी अंडं फुटलं नाही. मी म्हटलं, हे बाहेर टाका. तर म्हणाले, ड्रमंडसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिलेत, टाकायचे नाहीत. खानदानी लोक म्हणे पिसांसकट आठदहा दिवस टांगून ठेवतात, मांस मुरतं, मग हॉफमनना बोलवायचं. आणि दोन्ही पक्षी माना आवळून गॅरेजमध्ये टांगले. आमचं गॅरेज घराला लागून, शेजारी घर तापवायची फर्नेस, आणि त्या आठवड्यात बाहेर चक्क उकाडा.

लक्ष्मीपूजनाला महाराष्ट्र मंडळातली माणसं फराळाला आली. तुला माहीतच आहे, सगळे गॅरेजमधून येतात आणि चपलाबूट तिथेच काढतात. मला दोन दिवस वास येत होता, मी उदबत्त्यांवर उदबत्त्या लावत होते. फराळ झाला, गाणी झाली, आणि लता निघताना बुटात पाय घालायला गेली ती किंचाळलीच. वरून अळ्या पडत होत्या गं. बुटात, पायपुसण्यावर, त्र्यंबककाकांच्या टोपीत. एका पक्ष्याची मान तुटून धड खाली पडलेलं. त्र्यंबककाका तिथेच गॅरेजच्या दारात ओकले. माझ्या हातात पणतीचं तबक होतं, ते तसंच राहिलं. वीणा म्हणाली, धिस इज सो ग्रोस, मॉम. मला इंग्रजीतला हा किळसेचा शब्द आजवर आवडत नव्हता. आता दुसरा सुचत नाही.

हे खराट्याने गोळा करत होते आणि मध्येच म्हणाले की हॉफमनना यातलं कळता कामा नये.

नंदा, तू लिहिलंस ते सगळं मला डोळ्यांसमोर दिसलं. तरी मी वहिनी म्हणून सांगते, ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तोंड दाबून राहा. तुझ्या मालकांनी हॉफमनकडे तुझी तक्रार केली आहे की ही मुलगी फार नाक खुपसते, आणि आता हॉफमनना नातं कळलंय. हे घरी येऊन डोकं धरून बसतात. थोडं सबुरीने घे. म्हातारीला बाटलीतलं पाणी आणून दे म्हणजे झालं.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच हे लिहिते.

तुझी,
वहिनी


मिसेस ओडेल यांचे घर
७ डिसेंबर १९८६

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वरचा पत्ता बघून घाबरू नकोस. ग्लेनफर्न सुटलं.

मी तुझं ऐकलं होतं. दर शनिवारी गावातून पाण्याचे कॅन आणून देत होते. पण मिसेस ओडेल प्यायला ते घेत आणि भाज्या धुवायला, दात घासायला नळच सोडत. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात शेळ्या ओरडताना ऐकून मी आत गेले, तर त्या बाथरूमच्या फरशीवर घाणीत पडलेल्या होत्या. ओळखतही नव्हत्या मला. मीच अंग पुसलं, कपडे बदलले, अँब्युलन्स बोलावली. डॉक्टर म्हणाले, दूषित पाणी, मूत्रपिंडांवर परिणाम झालाय.

कौंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस चौकशीला येणार असं कळलं. आदल्या दिवशी मालकांनी मला चहाला बोलावलं. भिंतीवर हरणांची मुंडकी, खाली शॉर्टब्रेडची बशी. अगदी मऊ आवाजात म्हणाले की म्हातारीच्या शेळ्याच झऱ्यात घाण करतात, आणि हे हेड फॉरेस्टरने सांगितलं तर त्याला वजन येतं. मग थांबून म्हणाले की तुझे कागद माझ्या वकिलाकडे पुढे सरकताहेत, ते सरकत राहावेत अशी माझी इच्छा आहे. आणि बशी माझ्यापुढे केली. मी एक बिस्किट घेतलं, वहिनी. नको म्हणायचं सुचलंच नाही. बाहेर येऊन थुंकले.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. मालकांनी हसून माझ्याकडे हात केला. मी त्याला म्हटलं, वर चला, दाखवते. मालक मागून माझं नाव घेऊन हाका मारत होते, मी वळले नाही. खड्ड्यावर नुकतीच माती लोटली होती. त्या माणसाने फावडं मारलं आणि आतून पाण्याचा फुगा फुटल्यासारखा आवाज आला. मग जो वास सुटला त्याला मराठीत किंवा कुठल्याच भाषेत शब्द नसावा. इतक्या वर्षांच्या नोकरीतला तो माणूस, पण खाली बसला. ठिकठिकाणी मातीतून हिरवीनिळी पिसं चमकत होती, तेवढीच काय ती सुंदर राहिली होती.

संध्याकाळच्या आत माझी ट्रंक मालकांनी राहायला दिलेल्या कॉटेजच्या बाहेर होती. मी इथे येऊन राहिले. शेळ्यांना कुणीतरी हवंच. व्हिसाची मुदत आहे तोवर दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर अकोला.

मला भीती वाटते आहे. पण पश्चात्ताप वाटत नाही. दादाला माझ्या वतीने काही सांगू नकोस.

माया उरली असेल तर दोन ओळी लिही.

नंदा


डब्लिन
१९ डिसेंबर १९८६

नंदा,

या पत्राला मायना नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.

मि. हॉफमन यांनी काल मला बोलावून सांगितलं की डिपार्टमेंटच्या प्रमुखाची जागा दुसऱ्याला दिली आहे. कारण सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तुला या देशात मी आणलं. पहिल्या वर्षी तू माझ्या घरी राहून शिकलीस. एका अनोळखी म्हातारीसाठी तू सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास. वर चढून मेलेल्या कोंबड्या उकरायला कौंटीच्या माणसाला नेणारी बहीण मला आहे, हे आता सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. मला तुझी किळस आली आहे.

या घरी येऊ नकोस.

पुरुषोत्तम


मिसेस ओडेल यांचे घर, व्हर्जिनिया
९ मार्च १९८७

श्री. पुरुषोत्तम यांस,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला नावाने पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुमच्यासमोर बोलायला लागले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहिते. वीणा लताकडे मजेत आहे. फ्रीजमधली आमटी संपली असेल तर भात लावायला शिका.

डिसेंबरात तुम्ही एक चिकटवलेलं पाकीट मला पोस्टात टाकायला दिलंत. मी टाकलं. आत काय आहे ते विचारलं नाही. ते पत्र मी काल नंदाकडून मागून वाचलं. माझ्या हातांनी मी काय पोचतं केलं, ते कळल्यावर मला आपल्या घराचीच शिसारी आली.

तुम्ही लिहिलंत, अनोळखी म्हातारी. ती गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून घरी आली. आठवड्यातून तीनदा तिला रक्त गाळून घ्यायला नेतात. नंदा गाडी चालवते. मला दारात पाहिल्यावर त्या बाईने पहिली गोष्ट विचारली ती ही की, तू पुरूची बायको ना, पुरू बरा आहे ना. नंदाने तिला तुमच्याबद्दल सगळं चांगलंच सांगितलंय. मला मान वर करता आली नाही.

मी तो खड्डा पाहून आले. कौंटीने साफ करायला लावला, तर मालकाची माणसं वरवर उपसून निघून गेली. बर्फ वितळलं आणि राहिलेलं सगळं झऱ्याच्या टाकीत उतरलं आहे, जिथून या घराच्या नळाला पाणी येतं. मी टाकीचं झाकण उचललं. आत जो साका आहे त्यात पिसं आहेत, पायाच्या नखांसकट कातडी आहे. त्यापुढे गॅरेजमधलं काहीच नव्हतं हो. तुम्हाला नंदाची किळस आली. इथे उभं राहून ती येते का ते एकदा बघा.

येत्या शनिवारी आसपासची माणसं मिळून टाकी उपसणार आहेत, खड्ड्याचा तळ खरवडून चुना टाकणार आहेत. माणसं बहुतेक म्हातारी आहेत, हात कमी पडताहेत. नंदाला नॉर्थ कॅरोलिनात राज्याच्या रोपवाटिकेत नोकरी मिळाली आहे. ती महिनाअखेर जाईल. नोकरी मिळाली नसती तरी मी तुम्हाला हेच लिहिलं असतं.

तुम्ही या. नाही आलात तर मी रविवारी बसने येईन, घर सोडणार नाही, पण तुमच्याशी पूर्वीसारखं बोलता येईल असं वाटत नाही. हे धमकी म्हणून नाही लिहीत. मला खरंच तसं वाटतं.

जी काही आपुलकी शिल्लक आहे ती मागते आहे.

सुलेखा


मिसेस ओडेल यांचे घर
१६ मार्च १९८७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं काल इथून निघालात आणि आज मी पत्र लिहायला बसले, म्हणजे मी वेडीच. पण तू दिवसभर स्वयंपाकघरात पंधरा माणसांचा रांधा काढत होतीस. वर घळीत काय झालं ते तुला दिसलं नाही, आणि दादा सांगणार नाही.

तो ऑफिसच्या बुटांत आला होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं की फावडं कुठलं घेऊ. टाकीत उतरायला कुणी तयार नव्हतं, म्हातारी माणसं, गुडघे धरलेले. हाच उतरला. मांडीपर्यंत त्या साक्यात उभा राहून बादल्या भरून देत होता, मी वरून ओढत होते. तिसऱ्याचौथ्या बादलीला त्याला भडभडून ओकारी झाली. मी म्हटलं, वर ये, दुसरं कुणी उतरेल. तो आला नाही. तोंड पुसलं आणि पुन्हा वाकला. असं दुपारपर्यंत किती वेळा झालं कोण जाणे.

मला माफ कर वगैरे तो काही म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही. वरच्या रस्त्यावरून ड्रमंडची जीप गेली, मागे पिंजऱ्यांत या मोसमाची नवी पिल्लं. दंड भरून तो मोकळा झालाय, पुढची बुकिंगं घेतोय. आता मेलेले पक्षी पुरण्याऐवजी जाळणार आहे म्हणे. दादाने मान वर करून जीप दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. ते तोंड बघून मला माझा भाऊ ओळखू आला. त्याला माझी नव्हे, त्या जीपची किळस आली होती.

संध्याकाळी मी त्याच्या हातांवर पाणी घातलं. साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं, तो पुनःपुन्हा हात नाकाशी नेऊन बघत होता. मला माहीत आहे, तो वास दोन दिवस जात नाही. मी त्याला तसं सांगितलं.

तो म्हणाला, राहू दे.

वीणाला पापा. नव्या पत्त्यावर दोघांनी यावं, आणि येईपर्यंत लिहीत राहावं, एवढंच मागणं.

तुमची,
नंदा